कीर्द, खतावणी आणि इंद्रायणी

आपल्या भाषेत ‘हिशेबी’ हे विशेषण एखाद्या माणसाला लावले की त्यात थोडासा तिरस्कार आपोआप मिसळतो. ज्याला मोजता येते त्याला प्रेम करता येत नाही, ज्याची वही चोख त्याचे अंतःकरण कोरडे, आणि जो मोजमाप विसरला तोच परमार्थाच्या वाटेला लागला, अशी एक समजूत आपल्या कीर्तनांतून, घरगुती बोलण्यातून आणि थोरांच्या चरित्रांतूनही इतक्या सहजतेने झिरपत आलेली आहे की तिची उलटतपासणी करण्याची आवश्यकता फारशी कोणास वाटत नाही. मला ती वाटते, कारण या समजुतीने ज्यांचे नुकसान केले ती माणसे मी जवळून पाहिली आहेत. तालुक्याच्या गावी पेठेत दहा-बारा फूट रुंदीचे दुकान थाटून त्यावर पाच-सात माणसांचे पोट भरणारी ही माणसे स्वभावाने भाविक, वृत्तीने सढळ आणि व्यवहाराने गोंधळलेली होती; दुकान बुडाले तेव्हा त्यांनी ग्रहांना दोष दिला, काळाला दोष दिला, क्वचित भावाला दिला, पण ज्या एका गोष्टीकडे पाहावयास हवे होते तिच्याकडे पाहणे त्यांना हलकेपणाचे वाटत राहिले. हिशेब ठेवणे हे परमार्थाला विरोधी आहे की त्याचेच एक अंग आहे, हा प्रश्न म्हणूनच मला नुसता तर्काचा वाटत नाही.

माझे बालपण काकांच्या किराणा दुकानात गेले. रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास दुकानाच्या फळ्या लागल्या, गुळाच्या ढेपेवर ओले फडके पडले, की काका कंदिलाची वात वर करून गल्ला पालथा घालीत आणि कीर्द पुढे ओढीत. आरंभी शिल्लक, दिवसभराची जमा, दिवसभराचे नावे आणि अखेर शिल्लक. कागदावरची अखेर शिल्लक आणि गादीवर रचलेल्या नाण्यांची रास यांचा मेळ बसला म्हणजे ते हात जोडून उठत. पण एखाद्या रात्री चार आण्यांची तफावत येई, आणि मग काकू आत पानावर थांबलेल्या, आम्ही मुले पेंगुळलेली, आणि काका मात्र कच्च्या वहीतील एकेक ओळ बोटाने चाचपीत बसलेले. चार आण्यांसाठी हा माणूस स्वतःचे आणि घराचे जेवण थांबवतो याचा मला त्या वयात राग येई, आणि त्या रागाला मी मनातल्या मनात लोभ असे नाव देऊन ठेवले होते. पुष्कळ वर्षांनी, ते दृश्य आठवीत असता, एक गोष्ट एकाएकी ध्यानात आली: गल्ल्यात चार आणे कमी भरले म्हणजे काका जितके अस्वस्थ होत, तितकेच ते चार आणे जास्त भरले तरी होत असत. किंबहुना जास्त भरले तर अधिकच. कारण कमी पडलेले चार आणे त्यांचे होते. जास्त झालेले कोणाचे तरी होते. सकाळी गिऱ्हाईक आले की, “काल तुला सुटे देताना माझ्याकडून चुकले का रे?” असे ते चार-पाच जणांना तरी विचारीत. लोभी माणसाला जास्तीची रक्कम कधी छळीत नाही. काकांना छळणारी वस्तू पैसा नव्हती, असत्य होती. आणि असत्य दोन्ही दिशांनी सारखेच असत्य असते.

एकनाथांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या दप्तराचे काम नाथांकडे असता एके दिवशी हिशेबात एका पैचा घोळ निघाला; नाथ रात्रभर जागले, पहाटेच्या सुमारास चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली; आणि गुरूंनी ते पाहून म्हटले की एका पैची चूक सापडल्याने एवढा हर्ष, तर संसाराची मूळ चूक सापडली तर केवढा होईल! परंपरेने जतन केलेली ही कथा सांगताना बहुधा पै क्षुद्र आणि ब्रह्म थोर, असा विरोध रंगवला जातो आणि श्रोता घरी जाताना पैला तुच्छ लेखण्याचा धडा घेऊन जातो. मला हा अर्थ अपुरा वाटतो. जनार्दनस्वामींनी नाथांना वही बंद करावयास सांगितले नाही. जे चित्त एका पैच्या चुकीला क्षमा करीत नाही, जे झोप, भूक आणि कंटाळा यांच्या आर्जवांना बळी न पडता सत्य हाती लागेपर्यंत बसून राहते, तेच चित्त पुढच्या शोधाला पात्र आहे हे त्यांनी त्या टाळीत ओळखले. चार आणे ‘असतील इकडेतिकडे’ म्हणून जो उठला, तो ध्यानाला बसला तरी तेथूनही ‘झाले एवढे पुरे’ म्हणून उठणार. आणि हेही विसरता येत नाही की हे नाथ पुढे पैठणास आयुष्यभर गृहस्थ म्हणून राहिले. त्यांनी प्रपंच टाकला नाही.

यावर एक आक्षेप सहज निघतो, आणि तो वरवरचा नाही. गीता फळाची आसक्ती सोडावयास सांगते. आणि व्यापार तर फळाच्याच हेतूने चालतो. ज्या कर्माचा हेतूच नफा आहे ते निष्काम कसे व्हावे? हा पेच अनेक सज्जन दुकानदारांनी मनातल्या मनात असा सोडवला आहे की, नफ्याकडे पाहूच नये. काम करावे, मिळेल ते देवाचे म्हणावे. पण फळाची आसक्ती वेगळी आणि फळाचे ज्ञान वेगळे. शेतकऱ्याने पिकावर जीव अडकवू नये हे खरे, पण पिकाला कीड लागली आहे की नाही हे जो बांधावर जाऊन पाहत नाही त्याला कोणी निष्काम कर्मयोगी म्हणणार नाही. पावसाचे मान, बाजाराचा भाव, शेजारी निघालेले नवे दुकान, यांतले काहीच व्यापाऱ्याच्या हातचे नाही, आणि त्याविषयी मन सम ठेवणे हाच त्याचा योग. परंतु खरेदीची किंमत, मापाचा खरेपणा, घरात गेलेला पैसा आणि उधारीची मर्यादा या गोष्टी त्याच्या अधिकारातल्या आहेत आणि त्यांविषयी अजाण राहणे म्हणजे कर्मच न करणे होय. माझा अनुभव तर याहून पुढचा आहे. ज्याला आपला नफा नेमका किती हे ठाऊक नसते तोच सर्वांत अधिक आसक्त असतो. अंधारात पैसा किती आहे हे कळत नाही म्हणून तो कधी भयाने मुठी आवळतो, कधी खोट्या धीराने उधळतो. गिऱ्हाईक दोन रुपये कमी करावयास सांगते तेव्हा ते द्यावेत की देऊ नयेत याचा निर्णय त्याच्या विवेकाकडे नसतो, त्या दिवशीच्या त्याच्या मनःस्थितीकडे असतो.

या अंधाराचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे गल्ला आणि घर यांच्यामधले उघडे दार. समजा, एका लहान दुकानाची रोजची विक्री ६,००० रुपये आहे आणि विक्रीवर शेकडा १० सुटतात. म्हणजे दिवसाला ६०० रुपये. भाडे, वीज, हाताखालच्या पोराचा पगार, पुडक्यांचा कागद-पिशव्या मिळून २५० गेले, तर घरासाठी उरले ३५०. आता मालकाने न लिहिता, भाजीला, मुलाच्या वहीला, पाहुण्याच्या मिठाईला असे करीत गल्ल्यातून रोज ५०० उचलले, तर रोजचे १५० रुपये भांडवलातून जातात, आणि दुकानाचे ३०० दिवस धरले तरी वर्षाला ४५,००० रुपयांचा माल फळ्यांवरून नाहीसा होतो. तो चोरीस गेलेला नसतो, उंदरांनी खाल्लेला नसतो. मालकानेच तो घरी नेलेला असतो, फक्त त्याला ते माहीत नसते. प्रथम डब्यांच्या पुढच्या रांगेमागची रांग विरळ होते, मग घाऊक व्यापाऱ्याचे देणे एका आठवड्यावरून तीन आठवड्यांवर जाते, मग तो रोख मागू लागतो, आणि मग एके दिवशी तो गृहस्थ ज्योतिषाकडे पत्रिका घेऊन जातो. या दुःखात मी माझ्या आप्तांपैकी एकाला पाहिले आहे. शनीची शांती झाली. कीर्द लिहिली गेली नाही.

उपाय इतका साधा आहे की तो सांगताना संकोच वाटावा: घरी नेलेला प्रत्येक रुपया, मग तो मूठभर शेंगदाण्यांच्या रूपाने का असेना, घरखर्चाच्या नावे टाकावा, आणि शक्य झाल्यास महिन्याची एक रक्कम ठरवून तेवढीच, मुनीम पगार घेतो तशी, घ्यावी. काकू कधी पावशेर साखर आतून मागवीत, तेव्हा काका ती देत आणि लगेच वहीत लिहीत, आणि काकूंना त्याचा विषाद वाटे, “माझ्याच घरात मला नावे टाकता?” असे त्या एकदा म्हणाल्याचे आठवते. काका म्हणाले होते, “तुला नाही, मला टाकतो.” त्या उत्तरात एक संपूर्ण तत्त्वज्ञान होते असे मला आता वाटते. जो स्वतःच्या दुकानातून घेताना स्वतःच्या नावे रक्कम टाकतो, तो त्या क्षणी मालकपण सोडून विश्वस्त झालेला असतो. ईशोपनिषदाने त्यागपूर्वक भोगावे असे जे सांगितले, आणि गांधीजींनी विश्वस्तवृत्तीचा जो विचार मांडला, त्याची एवढ्याशा दुकानात दुसरी कोणती मूर्ती संभवते? गांधीजी तर विलायतेत विद्यार्थी असल्यापासून पैन् पै लिहून ठेवीत आणि तीच सवय पुढे सार्वजनिक पैशाच्या कामी आली, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. दुकान हे आपल्याहून वेगळे असे एक सत्त्व आहे, त्याचे आपल्याकडे येणे आहे आणि आपलेही त्याच्याकडे येणे आहे, ही जाणीव म्हणजेच ‘माझे’ या शब्दाची पकड सैल होण्याचा आरंभ आहे.

वहीच्या आरंभी ‘श्री’ लिहिण्याची आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी वह्यांना हळदकुंकू वाहण्याची आपली रीत याच जाणिवेतून आली असावी. इतर देशांतही हे आढळते. दुहेरी जमाखर्चाची पद्धत छापील ग्रंथात प्रथम मांडणारा लुका पाचोली हा ख्रिस्ती संन्यासी होता. १४९४ साली व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात व्यापाऱ्याने वहीचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा असे सांगितलेले आहे. पण पूजा वर्षातून एकदा आणि लेखन रोज, हे प्रमाण ध्यानात ठेवले पाहिजे. वहीला फुले वाहून वर्षभर ती कोरी ठेवणाऱ्याने ‘श्री’ कशासाठी लिहिला?

तराजूविषयी आपल्या परंपरेने जो विचार केला आहे तो मला सर्वांत उदात्त वाटतो. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. तो अरण्यात खांबासारखा इतका निश्चल उभा राहिला की त्याच्या जटांत पाखरांनी घरटे केले, अंडी घातली, पिले वाढली आणि उडून गेली. आणि मग धर्म साधला असा अभिमान त्यास झाला तेव्हा त्याच्या कानी आले की वाराणसीच्या तुलाधाराची योग्यता त्याला आलेली नाही. हा तुलाधार कोण, तर मुळ्या, वनस्पती, सुगंधी द्रव्ये आणि रस विकणारा एक वाणी. मद्य मात्र तो विकीत नसे. जाजली त्याच्या दुकानी येतो आणि तो दुकानदार त्याला धर्म सांगतो, आणि त्या सांगण्याच्या मुळाशी एवढेच आहे की आपली तुला सर्व प्राण्यांविषयी सारखी आहे. व्यासांनी हा उपदेश ऋषीच्या मुखी न घालता वाण्याच्या मुखी घातला, आणि ऐकणारा ऋषी ठेवला, हे आपण पुरेसे मनावर घेतलेले नाही. काका रोज सकाळी दुकान उघडले की पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी रिकामी तागडी उचलून दांडी सम राहते की नाही हे पाहत. एखादे पारडे झुकले तर दुसऱ्यास पासंग लावून ते सारखे करीत, आणि मगच दिवसाचा पहिला शेर भरला जाई. माल पडण्यापूर्वी तागडी सम हवी. गिऱ्हाईक कोण आहे, ओळखीचे की अनोळखी, पोर की म्हातारी, घासाघीस करणारे की मुकाट पैसे टाकणारे, हे पाहण्यापूर्वीच जे सम करून ठेवलेले असते त्यालाच समत्व म्हणावे. नंतर केलेली बरोबरी ही बहुधा सोय असते.

तुलाधाराचा हा सम भाव भावाच्या बाबतीतही व्यवहार्य आहे, आणि लाभदायकही आहे, असे म्हटले तर त्याने धर्माला उणेपणा येतो असे मी मानीत नाही. लहान दुकानदार पुष्कळदा जास्त नफ्याच्या मालाच्या मोहात सापडतो. एका वस्तूवर शेकडा २० सुटतात म्हणून तो २०,००० रुपये तिच्यात गुंतवतो आणि ती वर्षात एकदाच विकली जाते, तर वर्षाचा लाभ ४,००० रुपये. तेच २०,००० रुपये शेकडा ५ सुटणाऱ्या, पण दर महिन्यास फिरणाऱ्या डाळ-तांदळात घातले तर वर्षाचा लाभ १२,००० रुपये होतो. थोड्या नफ्यावर पुष्कळांच्या उपयोगी पडणारा माल स्वतःही वाहता राहतो आणि दुकानालाही वाहते ठेवतो. मोठ्या नफ्याचा मोह धरलेला माल धूळ धरून बसतो. म्हणून महिन्यातून एकदा दुकान अर्धा दिवस बंद ठेवून डबे खाली उतरवावेत, नग मोजावेत, वजने करावीत, घट किती आली हे पाहावे, आणि जो माल तीन महिने हलला नाही तो मुद्दलात, प्रसंगी मुद्दलाहून खाली, काढून टाकावा. हे काढून टाकणे कठीण जाते. त्यात तोट्याचे दुःख असतेच, पण आपली निवड चुकली हे कबूल करावे लागते, याचे दुःख अधिक असते. आणि ज्याला ते कबूल करता येते त्याने अहंकाराचा एक पदर तरी सोडलेला असतो.

आता उधारीकडे वळतो. आणि येथे मी थोडा अधिक रेंगाळणार आहे, कारण वही सत्याचे साधन आहे असे जे मी आतापर्यंत म्हणत आलो त्याला इतिहासाने दिलेले उत्तर येथेच उभे आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे या गावी बाजारच्या दिवशी कुणबी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चालून गेले. ही लाट पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील पुष्कळ गावांत पसरली, आणि या दंगलींचे लक्षण असे होते की लोकांना मुख्यतः सावकाराच्या जिवाची वा त्याच्या सोन्याची चाड नव्हती. त्यांना कागद हवे होते. खते, रोखे, वह्या मिळाल्या त्या त्यांनी जाळल्या. सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. ज्या वहीला दिवाळीत हळदकुंकू वाहिले जात होते तिची होळी करावी असे शेकडो सामान्य, पापभीरू माणसांना का वाटले? त्या वह्या एकाच बाजूला वाचता येत होत्या, हे त्याचे एक मोठे कारण आहे. लिहिणारा एक, वाचणारा तोच, बेरीज करणारा तोच, आणि अंगठा उठवणारा मात्र दुसरा. व्याजाचे मुद्दल झाले, मुद्दलाचे नवे खत झाले, फेडलेली रक्कम जमेस धरली की नाही हे ऋणकोस कळण्याची सोय नव्हती. चोख लिहिलेली वही आणि खरी वही यांत अंतर असू शकते. जी वही ज्याच्याविषयी आहे त्याला दाखवता येत नाही, ती कितीही सुवाच्य असली तरी अंधाराचीच वही आहे.

म्हणून उधारीची पहिली अट मी अशी मानतो की तिची नोंद दोन ठिकाणी असावी, एक दुकानाच्या खतावणीत आणि दुसरी गिऱ्हाइकाच्या हातातील छोट्या वहीत, आणि दोन्ही एकाच वेळी, त्याच्या डोळ्यांदेखत लिहिल्या जाव्यात. मर्यादाही त्याच्या मिळकतीच्या बेताची हवी. ज्याचा पगार आठवड्याला होतो त्याला एका आठवड्याच्या पगारातून फेडता येईल त्याहून अधिक देणे ही दया वाटली तरी दया नव्हे, कारण फेडता न येणारी उधारी माणसाला दुकानापासून तोडते. आमच्या पेठेत एक हमाल होता. त्याची बाकी बरीच तुंबली तेव्हा तो आमच्या दुकानावरून जाणे टाळू लागला आणि मागच्या बोळातून, गटाराच्या कडेने, ओझे घेऊन वळसा घालून जाऊ लागला. काकांना हे कळले तेव्हा त्यांना जे दुःख झाले ते बुडालेल्या रकमेचे नव्हते. ते स्वतः त्याच्या घरी गेले, वही उघडून त्याला बेरीज वाचून दाखवली, तीतील जेवढे त्याला झेपेल तेवढे हप्त्यांनी ठरवले आणि उरलेली बाकी त्याच्यासमोर धर्मादाय खाती टाकून त्याच्या खात्यावर आडवी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी तो पुढच्या रस्त्याने आला. धर्मादाय हे खाते आपल्या जुन्या पेढ्यांतून असे, आणि ते असणे फार शहाणपणाचे होते. दान द्यावयाचे तर ते दान म्हणून लिहावे. उधारीच्या खात्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेली बाकी ही ना दान असते ना येणे, तिने देणाऱ्याचे मन कडवट होते आणि घेणाऱ्याची मान खाली जाते.

आणि जे लहान उत्पादक स्वतः मोठ्या खरेदीदारांना माल पुरवतात, त्यांनी आपले येणे मागण्यात भिडस्त राहू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या मालाचे पैसे फार तर ४५ दिवसांच्या आत द्यावेत असा नियम २००६ च्या कायद्याने घातलेला आहे, आणि पापड लाटणाऱ्या बायकांचा वा खिळे-चुका करणाऱ्या कारखानदाराचा घाम महिनोन् महिने अडकवून ठेवणे हा साधा उशीर नसून अधर्म आहे, हे कायद्याने तरी ओळखले आहे. आपल्या हक्काचे मागण्याला लोभ म्हणण्याची चूक सज्जनांनीच अधिक केली आहे.

साधने आता बदलली. कंदील गेला, कीर्दीच्या जागी भ्रमणध्वनीचा पडदा आला, शेर-अदपाव जाऊन किलो आला आणि आता विजेचा काटा आला. चौकोनी ठिपक्यांचे चित्र दाखवले की पैसे खात्यात जमा होतात आणि नोंद आपोआप राहते. ही मोठी सोय आहे, आणि जीएसटीच्या निमित्ताने का होईना, अनेकांना खरेदी-विक्री लिहिण्याची शिस्त लागली हे मी चांगलेच मानतो. पण नोंद राहणे आणि मेळ घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानाचे आणि घराचे पैसे एकाच बँक-खात्यात येऊ लागले म्हणजे गल्ला-घरामधले ते जुने दार नव्या रूपाने पुन्हा उघडे पडते. म्हणून दुकानाचे खाते निराळे असावे, आणि यंत्राने केलेली बेरीज रात्री माणसाने स्वतः, पाच-दहा मिनिटे का होईना, समोर घेऊन बसावे. यंत्र विसरत नाही, परंतु त्याला टोचणी लागत नाही. चार आणे जास्त झाल्याची टोचणी लागण्यासाठी त्या बेरजेसमोर कोणीतरी बसलेले असावे लागते.

तरीही भक्ताच्या मनात एक शंका उरतेच. देव हिशेब ठेवीत नाही; त्याची कृपा मोजून येत नाही; मग त्याच्या भक्ताने मोजमापात आयुष्य का घालवावे? तुकोबा मिरची विकावयास कोकणात गेले आणि गिऱ्हाइकांनाच मापे भरून घेऊ दिली, लोकांनी हवे तितके नेले, ही कथा कीर्तनात रंगते तेव्हा सारा श्रोतृवर्ग तुकोबांच्या बाजूचा असतो आणि मापाच्या विरुद्ध असतो. या शंकेचे उत्तर मला तुकोबांच्याच चरित्रात दिसते. देहूच्या त्या घरात महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. जातीने शूद्र असून व्यवसाय वैश्याचा केला, असे तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगात स्वतःच सांगितले आहे. १६३० च्या सुमाराच्या महादुष्काळात दिवाळे निघाले, मान गेला, अन्न अन्न करीत पत्नी गेली. त्यानंतर वडिलार्जित येण्याचे रोखे इंद्रायणीत बुडवावयाचे त्यांनी ठरवले, तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा आडवा आला: तुम्हाला विरक्ती झाली, मला लेकरेबाळे आहेत. तुकोबांनी भावावर विरक्ती लादली नाही. रोख्यांचे दोन वाटे केले, कान्होबाचा अर्धा त्याला दिला आणि आपला अर्धाच डोहात सोडला.

कीर्तनकार डोहापाशी थांबतो आणि तेथे थांबण्याचा त्याला अधिकार आहे. माझे मन मात्र पुन्हापुन्हा त्याच्या आधीच्या वेळेपाशी जाते. वाटे अर्धे-अर्धे करावयाचे तर दप्तर सोडावे लागले असणार. कोणाकडे किती मुद्दल, किती व्याज, कोणाचे किती फिटले, कोणाचे येण्याजोगे आणि कोणाचे दुष्काळात माणसांसकट नाहीसे झाले, हे कागदागणिक वाचावे लागले असणार, नाहीतर अर्धा म्हणजे किती हे दोघांपैकी कोणालाच कळले नसते. ज्याला सोडावयाचे होते त्यालाही आणि ज्याला ठेवावयाचे होते त्यालाही तेच आकडे तितक्याच खरेपणाने मोजावे लागले. सोडणाऱ्याने हलके कागद स्वतःच्या वाट्यास घेतले असते, किंवा भारी कागद भावाला देऊन टाकले असते, तरी तो त्याग ठरलाच असता. पण अर्धा तो अर्धाच ठरला. दोघे भाऊ, मध्ये बापाचे दप्तर, आणि एकजण कागद वाचून दाखवतो आहे.